आळी मोडली की गाव मोडतं: विमानतळाखालची दहा गावं आणि आपण

उघाडी | शनिवार, १० जानेवारी २०२६, रात्री ९:४२

नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर इथं बरेच धागे निघाले. तिकिटांचे दर, टॅक्सीची रांग, अटल सेतूचा टोल, सगळं चर्चून झालं. त्या जागेवर जी गावं होती त्यांच्याबद्दल मला एकच प्रतिसाद सापडला, तोही "त्यांना कोट्यवधी मिळालेत" एवढाच. म्हणून हा धागा काढतोय.

आधी नावं लिहून ठेवतो. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. पनवेल तालुका, वस्ती मुख्यतः आगरी आणि कोळी. मी या दहांतला नाही. माझं गाव याच पट्ट्यात आहे, गावठाण अजून जागेवर आहे आणि चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत. पण आत्याला यातल्या एका गावात दिलेलं, त्यामुळे मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या तिकडेच गेल्या.

तिथला उलव्याचा डोंगर नव्वद मीटरच्या आसपास उंच होता. सुरुंग लावून तो उतरवला. उलवे नदीचं पात्र वळवलं. हे सगळं बातम्यांत आलंय. जे आलं नाही ते सांगतो.

आत्याची शेती खारजमिनीतली. खाडीच्या कडेनं मातीचा बांध आणि बांधात ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे लाकडी दार. भरतीचं खारं पाणी आत शिरू नये आणि ओहोटी लागली की पावसाचं पाणी बाहेर पडावं, एवढं तिचं काम. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडायची. एक रात्र जरी खारं पाणी शेतात राहिलं तरी पुढची दोन-तीन वर्षं पीक धड येत नाही. म्हणून खांड पडली की गावात हाळी जायची आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. कुणाशी अबोला असो, कोर्टात दावा चालू असो, बांधावर यायलाच लागायचं. कारण खांड एकाच्या शेताला पडली तरी पाणी सगळ्यांच्या शेतात जायचं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ कमरेएवढ्या चिखलात एकच पाटी हातोहात देताना मी पाहिलेत.

शेजार म्हणतात तो असा उभा राहिला होता. पुढे बाकीचं सगळं त्याच्यावर चढलं. ताट झाकून पाठवणं, लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बसली की आळीतल्या बायकांनी साथ देणं, मयताला न बोलावता लाकडं घेऊन येणं.

मोबदला ठरला तेव्हा जमीन मोजली, घर मोजलं, झाडं, विहिरी, देवळं, सगळ्यांचे पंचनामे झाले. आळी कुणी मोजली नाही. भूखंड सोडतीनं निघाले. आत्या आता करंजाड्याकडे, भिंतीला भिंत लागून राहणारी तिची जाऊ वडघरला, समोरची म्हातारी पुष्पकनगरात. अंतर फार नाही, रिक्षानं जाता येतं. पण ताट झाकून रिक्षानं कुणी जात नाही.

आत्याचं नवं घर तीन मजली आहे, फरशी चांगली आहे, पाणी नळाला येतं. पैसे मिळाले नाहीत असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच की एका आळीचे भूखंड एका रांगेत दिले असते तर सरकारचा एक रुपया जास्त गेला नसता, आणि गाव उठूनही गाव राहिलं असतं.

हे फक्त आमच्याकडचं नाही हे माहीत आहे. तुमच्याकडे गाव शहरात गेलं तेव्हा काय टिकलं आणि कशामुळे टिकलं, ते लिहा.

---

राताभात | शनिवार, १० जानेवारी २०२६, रात्री ११:०५

भावा, मनातलं लिहिलंस. नवीन लोकांसाठी थोडा मागचा हिशोब मांडतो, नाहीतर चर्चा विमानतळापासूनच सुरू होईल.

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली १९७० साली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली मिळून ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर. शेती गेली, मिठागरं गेली, घरं तेवढी गावठाणात राहिली. जमिनीच्या भावासाठी आंदोलनं झाली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील साहेब त्या लढ्याचे नेते. येत्या मंगळवारी त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतायत आणि शुक्रवारी जासईला हुतात्मा दिन आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी या.

त्या रक्तातून साडेबारा टक्के आले. म्हणजे संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर, त्याचे मिळाले साडेतीनशे. तेही मालकीनं नाहीत, भाडेपट्ट्यानं. आणि आजोबांच्या नावच्या त्या साडेतीनशे मीटरवर चार भाऊ, दोन बहिणी आणि त्यांची मुलं. वाटणी होणार कशी? मग बिल्डर येतो, त्रिपक्षीय करार होतो, कुणाच्या हातात दोन फ्लॅट, कुणाच्या हातात रोकड.

पण उघाडी, एका गोष्टीत तुझ्याशी पटत नाही. सगळं सोडतीवर ढकलू नकोस. आमच्या गावात सोडत झाली नाही, कुणी उठवलं नाही, तरी आळी मोडलीच. गावठाणात जागा होती तिथं आम्ही भाड्यासाठी चाळी चढवल्या. अंगण गेलं, ओटा गेला, दोन घरांत हात घालण्याइतकी फट उरली. उन्हाळ्यात बायका पापड घालायच्या ती जागा आज पार्किंगला आहे. बांध गेल्यावर एकमेकांची गरजच संपली. गरज संपली की माणूस दार लावून घेतो. आमचा म्हातारा म्हणतो, "जमीन गेली त गेली, पन मानसा कंच्या गावान हाईत त कलत नाय." तो स्वतः जन्मला त्याच घरात बसून हे म्हणतो.

---

नवी_वस्ती | रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी ८:१८

मी त्या टॉवरमधला माणूस. उलव्यात २०१९ पासून राहतोय. मूळ गाव खटाव तालुक्यात. वीस वर्षांचं कर्ज काढून वन बीएचके घेतला आहे, गुंतवणूक म्हणून नाही, राहायला.

धागा वाचून झोप लागली नाही, खरं सांगतो. पण आमची बाजूही ऐका. आम्हाला घर विकताना विमानतळ दाखवला, पूल दाखवला, रेल्वे दाखवली. इथं आधी कोण राहत होतं हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला जुनं गाव आहे. गावदेवीचं देऊळ कुठं आहे हे मला चौथ्या वर्षी कळलं, तेही हळदीच्या रात्रीच्या आवाजावरून सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटलं तेव्हा. अर्ध्या लोकांना पोलिसांत तक्रार करायची होती. माझी मुलगी दहावीला होती, त्यामुळे मीही त्या बाजूचा होतो.

दुसऱ्या दिवशी चार जण गावात जाऊन बोललो. नवरदेवाच्या वडिलांनी खुर्च्या टाकल्या, चहा दिला आणि म्हणाले, "तुमच्या सोसायटीची जागा आमच्या बापाची भातशेती होती. हळद एक रात्र असते. मुलीची परीक्षा आहे हे आधी सांगितलं असतंत तर आम्हीच आवाज कमी केला असता." तेव्हापासून लग्नाची तारीख ग्रुपवर आधी येते आणि परीक्षांच्या तारखा गावात आधी जातात. भांडण पूर्ण मिटलं असं नाही. पण पोलिसांत कुणी गेलं नाही.

आणखी एक. आमच्या नळाला हेटवण्याचं पाणी येतं. ते धरण पेण तालुक्यातलं. नवी मुंबई महापालिकेला मोरब्याचं, ते खालापूरचं. म्हणजे आमच्या बादलीसाठी आणखी कुणाचं तरी शिवार पाण्याखाली गेलंय. हे माझ्या मुलीला शाळेत कुणी शिकवत नाही, मी सांगतो.

---

उघाडी | रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी १०:३०

@नवी_वस्ती, मनापासून आभार. टॉवर शब्दात राग होता, पण तो राहणाऱ्यांवर नव्हता. कर्ज काढून घर घेणारा माणूस कुणाची जमीन लाटत नाही. तुमच्या मुलीला गावदेवीच्या जत्रेला घेऊन या.

@राताभात, चाळींचं तू म्हणतोस ते खरं आहे. पण एवढं बघ, गावठाणाची रेषा संपादनाच्या वेळी होती तिथंच राहिली आणि घरातली माणसं चौपट झाली. माणसं वर चढणार नाहीत तर जाणार कुठं? गावठाणाबाहेर बांधलं की ते अनधिकृत. आपल्याच जुन्या खळ्यावर घर बांधलं तरी नोटीस.

---

माहेरवाशीण | रविवार, ११ जानेवारी २०२६, दुपारी ३:५५

तुम्ही सगळे जमिनीवर आणि भावांवर बोलताय. बहिणींचं मी लिहिते.

मी उरण तालुक्यातल्या गावची, दिली पनवेलला. जमीन होती तोवर आम्हा बहिणींना वाटा मागायचं मनातही आलं नव्हतं. माहेर म्हणजे वर्षाला एक पोतं तांदूळ, वालाच्या शेंगा, सुकी मासळी आणि गणपतीला दोन रात्री. आई म्हणायची, भावाकडे जमीन आहे तोवर तुझं दार उघडं आहे. मोबदल्याची यादी लागली तेव्हा कायद्यानं आमची नावं आली. मग एके दिवशी भाऊ मिठाई घेऊन आला आणि म्हणाला, हक्कसोडपत्रावर सही कर.

मी केली. धाकटीनं केली नाही. आज ती माहेरी जाऊ शकत नाही. मी जाते, पण जेवताना सगळे माझ्याशी जपून बोलतात. दोघींपैकी कुणाचं बरोबर होतं हे मला विचारू नका. धाकटीचा हक्क होता आणि तिच्या नवऱ्याचं आजारपणही होतं. भावाच्या डोक्यावर तीन पोरी होत्या. पैसा वाईट नव्हता, पण तो एकरकमी आला आणि एका सहीवर आला. जमीन दरवर्षी थोडं थोडं सगळ्यांना द्यायची, त्यामुळे कुणाला हिशोब करायची वेळच यायची नाही.

आमच्या बाजूच्या कितीतरी घरांत हेच झालंय. पुनर्वसनाच्या बैठका झाल्या त्यांत स्टेजवर बाई नसायची. असती तर कुणीतरी विचारलं असतं की ज्या मुली दिल्या त्यांनी सणाला कुठं यायचं. नव्या घरात माझ्या आईचा चुलवण ठेवायचा कोपरा नव्हता. आई मला धीर देत होती की गॅसवरही भाकरी चांगली होते. तांदळाच्या भाकरीला चुलीवर जो पापुद्रा येतो तो गॅसवर येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

---

करंजाकाठ | रविवार, ११ जानेवारी २०२६, रात्री ९:१२

ताई, वाचून गलबलून आलं.

पुनर्वसन फसलं की काय होतं याचं उदाहरण उरणमध्येच आहे, हनुमान कोळीवाडा. न्हावा-शेव्याचं बंदर उभं राहताना, ऐंशीच्या दशकात, शेव्याच्या कोळी लोकांना उठवून बोरीपाखाडीला वसवलं. समुद्रावर पोट असलेली माणसं आत जमिनीवर. पुढे त्या घरांना वाळवी लागली. दारं, चौकटी, छपराची लाकडं, सगळं आतून पोकळ. लोकांनी घरं बांधली, दुरुस्त केली, पुन्हा बांधली. दुसऱ्यांदा पुनर्वसन करा, ही मागणी घेऊन एक अख्खी पिढी म्हातारी झाली. बंदर १९८९ ला सुरू झालं आणि देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांत गेलं. तेवढ्याच काळात शेजारचं गाव आपल्या घराच्या चौकटी राखू शकलं नाही.

पण उघाडींच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे. ते लोक पांगले नाहीत. एकत्र वसवले होते म्हणून एकत्र लढले. जमीन वाईट मिळाली, घरं वाईट मिळाली, तरी आजही मोर्चा निघाला की अख्खा कोळीवाडा रस्त्यावर येतो, बायका पुढे. एका जागी वसवण्याबद्दल उघाडी म्हणतात ते मला शंभर टक्के पटतं.

---

हडपसरकर | सोमवार, १२ जानेवारी २०२६, दुपारी १:२०

पुण्याकडचं लिहितो. मगरपट्ट्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. जमीन विकून मोकळं व्हायच्या ऐवजी मालक म्हणून राहिले. शेती गेली, पण माणसं तिथंच आहेत आणि ठरवणारी खुर्ची त्यांच्याकडे राहिली. नव्या मुंबईत असं का झालं नाही?

दुसऱ्या टोकाला फुरसुंगी आणि उरुळी देवाची. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथं, विहिरींचं पाणी पिववत नाही. २०१७ ला ११ गावं पुणे महापालिकेत गेली त्यांत हीदेखील होती. कर शहराचा आला, सुविधा गावाच्याच राहिल्या. शेवटी लोकांनी बाहेर पडायची मागणी लावून धरली आणि दोन्ही गावांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. २०२१ ला आणखी २३ गावं घेतली, त्यांचीही रस्त्या-पाण्याची ओरड चालूच आहे.

---

राताभात | सोमवार, १२ जानेवारी २०२६, सायंकाळी ७:४०

@हडपसरकर, मगरपट्टा चांगलंच आहे, पण तुलना करताना एक बघा. तिथं लोकांनी स्वतः ठरवलं, जमीन सलग होती, जवळजवळ एका भावकीची. आमच्याकडे १९७० ला संपादन आलं तेव्हा विचारलंच नाही कुणी. शेअर तर लांबच, एकरी भाव वाढवून मागितला तर गोळ्या आल्या. शिवाय बरीचशी माणसं कूळ किंवा मिठागरात राबणारी. त्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, ती कुठल्या कंपनीत बसणार? मिठागरातल्या मजुराचं घर कुठं गेलं याचा हिशोब तर कुणीच मांडला नाही.

---

नवी_वस्ती | सोमवार, १२ जानेवारी २०२६, रात्री १०:०२

एक विचारू का? सध्या पोपटीचे, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे, दिवस आहेत असं गावात ऐकलं. आमच्या सोसायटीतली मुलं यायची म्हणतायत. चालेल का, आणि काय काय आणायचं?

---

उघाडी | मंगळवार, १३ जानेवारी २०२६, सकाळी ७:१५

चालेल म्हणजे काय, याच! पोपटी एकट्यानं लावायची गोष्टच नाही.

मातीचं मडकं आमच्याकडे आहे. वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी तुम्ही आणा. जाड मीठ आणि ओवा आम्ही देतो. कोंबडी मसाला लावून केळीच्या पानात बांधायची. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, मग शेंगांचा थर, मग बाकीचं, परत शेंगा आणि तोंडाशी पाला ठासून भरायचा. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या आणि पेंढा रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाण्याचा हात शिंपडायचा, चर्र होऊन पाणी लगेच उडालं की झाली. पाणी आत अजिबात घालायचं नाही, शेंगा स्वतःच्या ओलाव्यावर शिजतात.

अडचण भांबुर्डीची आहे. पूर्वी भात कापला की बांधावर नुसती माजायची, आता बांधच नाहीत. मागच्या वर्षी पाला पेणच्या बाजूनं आणला. जागाही अडचणीचीच. आम्ही लावायचो तो मोकळा भूखंड या वर्षी पत्रे ठोकून बंद केलाय. शाळेच्या मागे लावू, मुख्याध्यापकांनी होकार दिलाय.

आता कामाचं. @माहेरवाशीण, @करंजाकाठ, तुमचे प्रतिसाद वाचून आम्ही गावात बसलो. दहा गावांचं जे झालं ते झालं, पण ज्यांची गावठाणं अजून जागेवर आहेत त्यांनी तरी हातातलं राखायला हवं. दोन गोष्टी ठरल्या. एक, गावठाणातल्या आणि बाहेरच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांची आपली आपण नोंद करायची. ही घरं नियमित करायचा शासन निर्णय २०२२ ला निघालाय, पण कार्यालयात गेलं की पहिला प्रश्न कागद कुठे, हाच असतो. दोन, जत्रेचं मैदान, स्मशान, होळीची जागा, तळं आणि मासळी सुकवायचं खळं, या सामायिक जागा नकाशावर मार्क करून ग्रामसभेचा किंवा गावकीचा ठराव घ्यायचा. घराला निदान कुणीतरी वाली असतो. या जागा कुणा एकाच्या नावावर नसतात, म्हणून पहिला पत्रा त्यांनाच ठोकला जातो.

ताई, या नोंदीत दिलेल्या मुलींची नावंही घेतोय, घरागणिक. हक्कसोड झालेली असो वा नसो. ही कल्पना गावातल्या बायकांची. पुरुषांपैकी दोघे-तिघे कुरकुरले, पण बायका ऐकायला तयार नाहीत, आणि मी त्यांच्या बाजूला आहे.

रविवारी, २५ तारखेला, सकाळी दहाला गावदेवीच्या मंडपात बसतोय. पट्ट्यातल्या कुठल्याही गावचे या. येताना जुनी घरपट्टीची पावती, विजेचं सर्वात जुनं बिल, आठ-अ चा उतारा, संपादनाची नोटीस असेल तर ती, आणि जुन्या मतदारयादीचं पान सापडलं तर तेही. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्सच आणा.